चाखलेलं मोजलंच नव्हतं

मी दारुडा नव्हतो. हॉस्पिटलमधल्या नऊ दिवसांत हे वाक्य मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल, त्याला सुमार नाही. ते खरं होतं. तरीही ज्या आजारानं मी तिथे पडलो होतो तो दारूमुळेच झाला होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे कळायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. माझ्यासारखे बरेच जण असतील असं आता वाटतं. शनिवारी, घरी, चार मित्रांत, बर्फ घालून, ग्लासच्या कडेला लिंबाची चकती लावून हौसेनं घेणारे. कुणाला घाबरवण्यासाठी नाही, पण त्यांच्यापैकी एखाद्याला उपयोग होईल म्हणून हे लिहितो आहे.

हौस

मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काम करतो. आमचं मूळ गाव उरणच्या वाटेवर. वडील मिठागरावर होते आणि संध्याकाळी ते पीत. ते गेले तेव्हा मी बारावीत होतो. पुढे आईनं करंजा बंदरातून सुकी मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकली आणि मला बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आज पनवेलमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, वैशालीसारखी बायको आहे, दहावीतली मुलगी आहे. यातलं काहीच गृहीत धरावं असं मला कधी वाटलेलं नाही.

कॉकटेलचा नाद लागला तो कंपनीच्या एका ट्रेनिंगमध्ये. संध्याकाळी हॉटेलात एक माणूस वेगवेगळ्या बाटल्यांमधून मापानं ओतून, हलवून, गाळून ग्लास भरत होता. मला वाटलं, अरे, ही तर आपली लॅब. घरी येऊन मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पहिलं कॉकटेल हलवलं. कोकमाचं आगळ, आल्याचा रस, मिरपूड, चिमूटभर मीठ आणि व्होडका. वैशालीनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे लग्न ठरताना मिळालं असतं तर मी नवरा बघून नाही, सरबत बघून होकार दिला असता."

मग सुरूच झालं. जिनमध्ये गवती चहा. पांढऱ्या रममध्ये कैरीचं पन्हं. उन्हाळ्यात ताडगोळे. शनिवारी संध्याकाळी मी दोन ग्लास घ्यायचो, वैशाली अर्धा. कधी दोघं-तिघं मित्र यायचे. कुणी कधी झिंगलं नाही, आवाज चढला नाही. वडिलांची संध्याकाळ मी पाहिली होती. आपली संध्याकाळ त्याहून किती वेगळी आहे, याचा मला अभिमान होता.

आणि मी वही ठेवायचो. लॅबची सवय. प्रत्येक प्रयोगाला नंबर, तारीख-वार, प्रत्येक घटकाचं माप मिलिलिटरमध्ये, शेवटी शेरा. "कोकम-२ : आंबट जास्त." "कोकम-३ : मीठ कमी." आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती गावात राहते. ती यायची त्या शनिवारी बाटल्या माळ्यावर जायच्या.

जनादादाच्या मुलाची हळद

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते आणि हळदीला दारू असतेच. जनादादा हा माझा थोरला चुलतभाऊ. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, यंदा बाटल्यांची खोकी मांडायची नाहीत. मी एक पेय करतो. चवीला एकदम भारी, दारू अगदी थोडी. लोक मापात राहतील."

"तू शिकलेला," तो म्हणाला. "तू काय ता कर. पन लोकांना गोड सरबत पाजून परत धाडू नको, नायतर माझा नाव खराब होल."

चारशे माणसांना आवडेल अशी चव शोधायची म्हणून मी कामाला लागलो. आता शनिवारपर्यंत थांबून चालणार नव्हतं. रोज कारखान्यातून आलो की आंघोळ करून ओट्याशी उभा राहायचो. एका संध्याकाळी चार प्रयोग, कधी पाच. लॅबमध्ये नमुना तपासून झाला की तो टाकून देतात. पण हे ओतून कसं देणार? आमच्या घरात पानात टाकलेला भाताचा घास आई दुसऱ्या वेळी पुढे ठेवायची. टाकणं माझ्या हाताला जमतच नाही. त्यामुळे केलेला प्रत्येक प्रयोग मी संपवत होतो. तो पिणं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. ते काम होतं. पिणं म्हणजे शनिवारचे दोन ग्लास.

असं सात-आठ आठवडे चाललं.

तो दिवस

एका मंगळवारी सकाळी लॅबमध्ये रंगाचा नमुना काचेवर पसरत होतो आणि छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कुणीतरी आतून पिळा घातला. कळ थेट पाठीत गेली. गॅस असेल म्हणून लिंबू-सोडा घेतला. तो उलटून पडला. दहा मिनिटांत मी टेबलावर पालथा झालो होतो. पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं, सरळ झालं की डोळ्यांपुढे काळोख. सहकाऱ्यांनी गाडीत घालून पनवेलला आणलं.

संध्याकाळपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बारीक, सावकाश बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या स्वादुपिंडाला सूज आली आहे. चांगलीच." स्वादुपिंड हा शब्द मी शाळेत विज्ञानाच्या परीक्षेत लिहिला होता, आकृतीसकट. त्याला सूज येते आणि माणूस त्यातून कधीकधी उठतही नाही, हे तिथे नव्हतं.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. "दारू घेता?"

कॉटच्या एका बाजूला वैशाली होती. दुसऱ्या बाजूला आई. ती बातमी कळताच गावाहून रिक्षानं आली होती. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली, "माझा पोऱ्या पित नाय, बाई. याच्या बापानं पिऊन जीव दिला, म्हनून यानं शपथ घेतलीय. शिकलेला हाय तो."

शपथ मी घेतली होती. बारावीत, वडिलांच्या दहाव्याला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

शेजारचे शिंदेमामा

पहिले चार दिवस तोंडातून काहीही नाही. पाणीसुद्धा नाही. हाताला सलाइन, नाकात नळी. ओठ सुकून फुटले की ब्रदर ओल्या कापसानं पुसायचा. त्या ओल्या कापसाइतकं चविष्ट काही मी आयुष्यात चाखलेलं नाही. सकाळी सात वाजता नाश्त्याची गाडी फिरायची आणि उपम्यातल्या मोहरी-कढीपत्त्याचा वास यायचा. मी डोळे मिटून घ्यायचो. दुपारी राउंड, संध्याकाळी रक्त काढायला मुलगी, मध्ये मध्ये ताप मोजणं. वेदनेचं इंजेक्शन दिलं की दोन-तीन तास माणसात यायचो.

शेजारच्या कॉटवर कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवरचे एक ड्रायव्हर होते, शिंदेमामा. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनाही हाच आजार. मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं होतं, "रोज एक क्वार्टर. भाडं चांगलं मिळालं तर दोन." सांगून मोकळे. मॅडम त्यांच्यावर ओरडल्या नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. लिहून घेतलं आणि पुढे गेल्या.

तिसऱ्या दिवशी मामा माझ्या सलाइनच्या बाटलीकडे बघत म्हणाले, "साहेब, एक विचारू का? तुम्ही पीत नाही. मी पितो. मग तुमचं-माझं औषध एकच कसं काय?"

"आजार एकच आहे ना, मामा."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्याच दुपारी मॅडम आल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते. रक्तातली चरबीही फार नव्हती. "कारण सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. "अजून तपासण्या करू. कदाचित पुण्याला किंवा मुंबईला पाठवावं लागेल. कारण कळलं नाही, तर हे परत येऊ शकतं. दर वेळी इतक्यावर भागेलच असं नाही."

माझ्या मुलीनं आदल्या दिवशी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही घरी कधी येणार?" मी म्हटलं होतं, डॉक्टरांना विचारू. डॉक्टर तर मलाच विचारत होते.

वही

संध्याकाळी वैशाली एकटी असताना मी तिला म्हटलं, "ओट्याखालच्या कपाटातली वही आण."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन आली, पण ती आधीच चाळून आली होती. तिचे डोळे लाल होते. स्टूल ओढून ती बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी काल रात्रभर बेरीज केली. तू मला म्हणायचास, शनिवारी दोन ग्लास. मीही सगळ्यांना तेच सांगायचे, आमच्याकडे अगदी मापात असतं. गुरुवारी कोकमाचे पाच प्रयोग आहेत रे. त्यातल्या दारूचे मिलिलिटर मी एकत्र केले. शनिवारच्या दोन ग्लासांपेक्षा जास्त होतात. आणि तो फक्त गुरुवार."

"ते चाखणं होतं," मी म्हणालो.

"पाच वेळा अर्धा ग्लास म्हणजे चाखणं?" मग ती रडली. रागानं की भीतीनं, मला कळलं नाही. "आणि मी शेजारी उभी राहून कांदा चिरत होते. मला कसं दिसलं नाही? जेवायला बसायचास तेव्हा अर्धी भाकरी परत द्यायचास. मला वाटायचं दमलास."

आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली. इतकी कठीण अर्धी घटका आम्ही कधी काढली नव्हती.

अकरा वाजता राउंडला मॅडम आल्या. मी वही पुढे केली. म्हटलं, "मॅडम, पहिल्या दिवशी मी खोटं बोललो."

त्या कॉटच्या कडेला बसल्या आणि पानं उलटू लागल्या. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित माहिती मला आजवर एकाही पेशंटनं दिलेली नाही." मग एका पानावर थांबल्या. "कोकम-५ पुढे 'उत्तम' लिहिलंय. मग सहावं कशाला केलं?"

पलीकडून शिंदेमामा हसले आणि पोट धरून कण्हले.

मॅडमनी मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, जमेल तसं लिहितो. तुम्ही ट्रायल आणि फायनल असा फरक केलात, शरीर तो करत नाही. प्रत्येकाला हा आजार होतो असं नाही. काहींना खूप पिऊन होत नाही, तुम्हाला झाला. थोडी घेतली की तब्येतीला बरी असते, असं मी कुणालाच सांगत नाही. जे घेतात त्यांना कमी करा म्हणते. तुम्हाला कमी करा म्हणणार नाही. तुमची बंद. एक घोटही नाही.

"बरं," मी म्हणालो. आश्चर्य असं की पहिल्यांदा मला हलकं वाटलं. पुण्या-मुंबईला जावं लागलं नाही. आजाराचं कारण वहीत होतं आणि वही माझ्याच अक्षरात होती.

आई

मॅडमनी विचारलं होतं, "आईंना मी सांगू?" मी नको म्हटलं.

दुपारी आई आली. वैशालीसाठी डबा आणायची ती. वॉर्डातल्या दोन बायकांशी तिची ओळख झाली होती, आणि त्यांना ती रोज सांगायची, की बाकीचे इथे कशानं आलेत ते मला म्हाईत हाय, पन माझ्या पोऱ्याचा तसा नाय. मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. शपथ मोडली तेही.

ती म्हणाली, "बापासारखा?"

"तसा नाय, आये. घरी, मोजून. पन पोटाला तोच त्रास झाला."

तिनं डबा वैशालीच्या हातात दिला, पिशवीची घडी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोटातली कळ कमी झाली होती, आणि मला समोरच्या दाराकडे बघण्याशिवाय काही काम नव्हतं. आजारात मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटली असं कुणी विचारलं, तर या दोन दिवसांची.

त्याच्या पुढच्या दिवशी मला पातळ काहीतरी द्यायला सांगितलं. आणि आई दारात. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. तांबड्या तांदळाची पेज, गाळलेली. ती थेट आली आणि झाकण काढत मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी, "मी त्या बायांना सांगून बसले, माझा पोऱ्या पित नाय. तू मना खोटा पाडलास."

मी उशीला टेकून उठून बसलो.

"आता त्यांना जाऊन खरा सांगून आले. आधी तोच काम केला, मग हिकडं आले." तिनं चमचा भरला. "आ कर. गरम हाय, फुंकून घे."

शिंदेमामांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी त्या पेजेचा प्रत्येक चमचा सावकाश घेतला. अर्धी वाटी झाल्यावर पोट भरलं. उरलेली आईनं स्वतः पिऊन टाकली.

आताच्या संध्याकाळी

त्याला आता दीड वर्ष झालं. जनादादाच्या मुलाच्या हळदीला मी गेलो, पाच किलोनं बारीक होऊन. खोकी मांडलेलीच होती. मी एका कोपऱ्यात कोकमाचं बिनदारूचं पातेलं ठेवलं, कोकम-५ मधून व्होडका वजा करून. तरुण पोरं हसली. पण नाचून दमलेल्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी ते पातेलं दोनदा रिकामं केलं. जनादादा म्हणाला, "नाव खराब नाय झाला. जरासा चांगला झाला."

खोटं कशाला लिहू, पहिले काही महिने शनिवारी हात शिवशिवायचे. ओट्याशी उभं राहिलं की बर्फाचा आवाज आठवायचा. मग लक्षात आलं की मला हवं होतं ते बरंचसं त्या मापांत, हलवण्यात, वासात होतं. तेवढं मी ठेवलं. गवती चहा, आलं, ताडगोळे, सोडा. मित्र आजही येतात. त्यांच्यातले दोघं घेतात. त्यांना मी एकच सांगतो, आणि ते ऐकतात कारण मी कशातून गेलोय ते त्यांना माहीत आहे. दारू बाटलीतून सरळ ग्लासात ओतू नका, आधी मापात ओता. मित्राच्या ग्लासमधला घोट, चव बघायला घेतलेला घोट, तोही धरा. आठवडाभराची बेरीज करा आणि ती एखाद्या कागदावर स्वतःच्या अक्षरात बघा. पोट रिकामं असताना नको. बहुतेक दिवस कोरडे जाऊ द्या. आणि पोटात दुखलं तर लिंबू-सोडा घेऊन बसू नका.

आमच्या घरी आता बाटल्या माळ्यावर जात नाहीत, कारण त्या नाहीतच. वैशालीनंही सोडली. मी सांगितलं नव्हतं. "एकटीनं अर्धा ग्लास घेऊन काय करू, तुझ्या तोंडाकडे बघत बसू?" असं म्हणाली. मुलगी आता दहावीत आहे आणि तिला वही ठाऊक आहे. मीच दाखवली.

गेल्या महिन्यात एका सकाळी बेल वाजली. दारात आई, आणि तिच्या मागे जनादादा, शाळेत पकडून आणलेल्या पोरासारखा. त्याला तीन महिन्यांपासून पोटात दुखत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, मेडिकलमधून गोळ्या आणून खात होता.

आई म्हणाली, "याला तुझ्या डाक्टर बाईकडं ने. आनि तू काय बोललास तिला, ता वाटेत याला सांग."

"काकी, माझा तसा काय नाय," जनादादा म्हणाला.

"यो पन तसाच म्हनत व्हता."

आम्ही तिघं रिक्षानं गेलो. वाटेत मी सांगितलं, तो बाहेर बघत ऐकत होता. त्याचा नंबर आला तेव्हा तो एकटाच आत गेला. आई आणि मी बाकावर बसलो. दहा मिनिटांनी दार उघडून तो बाहेर आला, कपाळावरचा घाम पुसत.

"सांगितलास?" आईनं विचारलं.

"निम्मा सांगितला."

"आनि निम्मा?"

"बाई लिहून घेते गो सगला. माझा घसाच सुकला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू चल रं आत. नुसता बाजूला बस."

आईनं माझ्या पाठीला हात लावला. मी उठलो. आत मॅडमनी दुसरी खुर्ची पुढे केली. जनादादा बसला, माझं मनगट त्यानं धरून ठेवलं होतं, आणि म्हणाला, "मॅडम, मगाशी सांगितली ती दारू फक्त घरातली."